मंडईचे नाटक ठेवताना: तारीख धरण्यापासून हिशेब वाचेपर्यंत

दिवाळी आटोपली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील झाडीपट्टीत मंडईचा, म्हणजे गावच्या वार्षिक जत्रेचा, हंगाम सुरू होतो आणि गावोगावची मंडळे रात्रीच्या नाटकाच्या तयारीला लागतात. यातील बरीच मंडळे ही तयारी उलट्या क्रमाने करतात. आधी वडशाला (देसाईगंजला) जाऊन नाटक कंपनीला इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, दिला जातो, परतताना फ्लेक्स छापायला टाकला जातो, मग जागेचा शोध सुरू होतो आणि पोलीस ठाण्यात अर्ज पोचतो तेव्हा प्रयोगाला जेमतेम चार दिवस उरलेले असतात. अशा वेळी शेतमालकाने नाही म्हटले, शेजारच्या गावाची मंडई त्याच दिवशी निघाली किंवा परवानगीत वेळेची अट आली, तर इसार अडकतो, फ्लेक्स वाया जातो आणि लांबून आलेल्या पाहुण्यांसमोर गावाला मान खाली घालावी लागते.

पुढे दिलेला क्रम एका रात्रीचा तिकिटाचा प्रयोग ठेवणाऱ्या मंडळासाठी आहे. शंकरपट (बैलांच्या शर्यती), नामसप्ताह किंवा पुण्यतिथी महोत्सव भरवणाऱ्यांनाही त्यातील तारीख, जागा आणि जाहिरात हे भाग जसेच्या तसे उपयोगी पडतील.

१. जबाबदाऱ्या नावानिशी वाटून घ्या

पहिल्या बैठकीत अध्यक्ष कोण यावरच सगळा वेळ जातो. त्याऐवजी परवानग्या, जागा, पैसा, कंपनी व कलावंत, जाहिरात आणि प्रयोगाच्या रात्रीची व्यवस्था अशी सहा कामे सहा माणसांकडे द्यावीत आणि हे वाटप इतिवृत्तात लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. पैसा सांभाळणारा आणि तिकिटे विकणारा हे दोघे वेगळेच असले पाहिजेत. कंपनीशी बोलणारा एकच आणि पोलीस ठाण्याशी बोलणाराही एकच ठेवावा, कारण दोघा-तिघांनी फोन केले की प्रत्येक जण वेगळे आश्वासन देऊन बसतो.

बैठकीत महिला बचत गटांच्या प्रतिनिधींना बोलवावे. बसण्याची जागा, स्वच्छतागृह आणि परतीच्या वाटेवरचा उजेड हे विषय त्या पहिल्याच बैठकीत काढतात. त्या नसल्या तर हे विषय प्रयोगाच्या संध्याकाळी निघतात आणि तोवर करण्यासारखे काही राहिलेले नसते.

२. तारीख: चार गोष्टी पाहिल्याशिवाय धरू नका

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून येथे घाई करू नये.

पहिली गोष्ट म्हणजे शेजारची गावे. मंडईचा दिवस गावागावाने ठरलेला असतो. काही गावे तिथी पाळतात, काही भाऊबीजेपासून दिवस मोजतात, तर काही वार धरतात. तिथी पाळणाऱ्या गावाची तारीख दर वर्षी सरकते, हे लक्षात न घेता मागच्या वर्षीच्या तारखेवरून अंदाज बांधला की दोन मंडया एकाच दिवशी येतात. सायकलने किंवा दुचाकीने जिथून माणसे येऊ शकतात अशा सर्व गावांची यादी करावी, प्रत्येक गावच्या मंडळाकडून त्यांची तिथी आणि इंग्रजी तारीख अशा दोन्ही विचाराव्यात आणि त्या एका कागदावर मांडाव्यात. ऐकीव माहिती या कागदावर लिहू नये.

दुसरी गोष्ट धानाची. दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, तर कधी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. २०२५ साली ती ऑक्टोबरात आटोपली होती. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येते. म्हणजे भाऊबीजेनंतर अमुक दिवस असा एकच हिशेब धरला, तरी एका वर्षी भारी (उशिरा पिकणारे) धान बांधीत, म्हणजे शेताच्या बांध घातलेल्या तुकड्यात, उभे असते आणि दुसऱ्या वर्षी त्याचे पुंजणे (कापलेल्या धानाचे ढीग) लागलेले असतात. धान उभे असताना किंवा कापणीचा जोर असताना नाटक ठेवले, तर दिवसभर वाकून थकलेली माणसे रात्र जागवायला येत नाहीत, आणि धान विकले गेलेले नसल्यामुळे तिकिटाला पैसाही हातात नसतो. आपल्या गावात कोणते वाण जास्त आहे आणि ते केव्हा निघेल, हे दोन-चार जाणत्या शेतकऱ्यांना विचारूनच दिवस ठरवावा.

तिसरी गोष्ट मोठ्या यात्रांची आणि परीक्षांची. माघात चिमूरची घोडा यात्रा भरते. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगडला आदिवासी बांधव मोठ्या संख्येने जातात आणि महाशिवरात्रीला मार्कंडा व प्रतापगड येथे गर्दी लोटते. या दिवसांत प्रेक्षकही मिळत नाहीत आणि पोलीस बंदोबस्तही मिळत नाही. फेब्रुवारीत बारावीची आणि तिच्या पाठोपाठ दहावीची परीक्षा सुरू होते. त्या दिवसांत गावात रात्रभर कर्णा लावणे परवानगी मिळाली तरी योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

चौथी गोष्ट निवडणुकीची. ग्रामपंचायत, पंचायत समिती किंवा जिल्हा परिषदेची निवडणूक जवळ आली असेल, तर आचारसंहितेच्या काळात कार्यक्रमाच्या परवानगीला आणि व्यासपीठावरील पाहुण्यांना वेगळे नियम लागतात. तहसील कार्यालयात आधीच चौकशी करावी.

*तपासा:* कागदावर एक पहिली तारीख आणि किमान आठ दिवसांच्या अंतराने एक पर्यायी तारीख असावी. दोन्हींसमोर तिथी, वार, इंग्रजी तारीख आणि शेजारच्या गावांची स्थिती लिहिलेली असावी. हा कागद तयार झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

३. जागा: तोंडी होकारावर थांबू नका

शाळेचे मैदान, गावचा आखर (गुरे जमवण्याची मोकळी जागा), ग्रामपंचायतीची मोकळी जागा किंवा कापणी झालेली बांधी, एवढेच पर्याय बहुतेक गावांत असतात. शाळेच्या मैदानासाठी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची लेखी संमती घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरण्यापूर्वी मैदान स्वच्छ करून देण्याचे लिहून द्यावे. आखर किंवा गावठाणातील जागेसाठी ग्रामपंचायतीचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. जागा सरकारी असेल तर तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. खासगी शेत असल्यास सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत त्या सर्वांच्या सह्या संमतीपत्रावर घ्याव्यात. एका भावाने होकार दिला आणि दुसऱ्याने ऐन दिवशी ट्रॅक्टर आडवा लावला, अशी प्रकरणे याच एका कारणाने घडतात.

बांधी निवडताना आणखी काही विचारणे आवश्यक आहे. धानाच्या बांधीत कापणीपूर्वीच लाखोरी किंवा जवस फेकलेले असते. वरून मोकळ्या दिसणाऱ्या त्या जमिनीत दुसरे पीक उगवत असते आणि एका रात्रीत हजारो पायांखाली ते संपते. असे पीक नसलेली बांधी घ्यावी, आणि पर्यायच नसेल तर नुकसानभरपाईची रक्कम आधी ठरवून संमतीपत्रात लिहावी. ओल पूर्ण सुकली आहे का, हे टाचेने दाबून पाहावे. टाच रुतत असेल तर कंपनीचा ट्रक आत येणार नाही. ट्रकसाठी किंवा बैठकीसाठी धुरा (बांध) फोडावा लागणार असेल तर तो पुन्हा बांधून देण्याची जबाबदारी मंडळाची राहील, हेही लिहावे. धानाचे खुंट काढून जमीन चोपून घेतली नाही, तर खाली बसणाऱ्यांना सतरंजीवरही बसवत नाही.

बैठकीला रंगमंचाकडे हलका उतार मिळाला तर मागच्या माणसालाही नाटक दिसते. असा उतार नैसर्गिकरीत्या नसेल तर थोडी माती काढून तो करता येतो, मात्र हे काम किमान आठवडाभर आधी करावे, म्हणजे माती बसते.

जागा ठरवताना दिवसाउजेडी जाऊन पुढील गोष्टी पाहाव्यात: वरून विजेची तार जाते का, जवळ तणसाचे (धानाच्या पेंढ्याचे) ढीग किंवा पुंजणे आहेत का, उघडी विहीर किंवा बोडी (लहान तळे) आहे का, आणि रुग्णवाहिका रंगमंचापर्यंत येऊन वळू शकते का. दवाखाना, शाळा किंवा न्यायालय यांच्यापासून १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो, त्यामुळे शाळेच्या आवारात ध्वनिक्षेपक चालेल की नाही हे पोलीस ठाण्यात आधीच विचारून घ्यावे.

*सावधान:* तारेखाली मंडप घालू नये. «तार उंच आहे» हा दिवसा केलेला अंदाज रात्री मंडपाचे बांबू उभे करणाऱ्या मुलाच्या जिवावर बेततो.

४. पैशांचा अंदाज तिकिटांच्या आधी मांडा

कंपनीची रक्कम म्हणजेच खर्च, असे समजणे ही नेहमीची चूक आहे. कलावंतांचे जेवण व मुक्काम, बैठकीचा घेरा, वीज किंवा जनरेटर, पत्रके, पाणी, तात्पुरती स्वच्छतागृहे, जागेची दुरुस्ती आणि सफाई हा खर्च वेगळा लिहावा. जमेच्या बाजूला खुर्चीची आणि खाली बसण्याची तिकिटे वेगवेगळी धरावीत आणि निम्मी खुर्ची रिकामी राहिली तर काय, हा हिशेब करून पाहावा. त्या स्थितीत येणारी तूट मंडळ सहज भरू शकत नसेल, तर कमी खर्चाचा प्रयोग ठेवावा. तूट भरून काढण्यासाठी गावातील एखाद्याने अंगावर कर्ज घेण्याची वेळ कधीही येऊ देऊ नये.

वर्गणी गोळा करायची असेल तर प्रत्येक रुपयाची क्रमांकित पावती द्यावी. मंडळ नोंदणीकृत नसेल आणि जाहीर वर्गणी घ्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या परवानगीची चौकशी करून मगच पावतीपुस्तक छापावे.

५. कंपनीशी बोलणी आणि लेखी करार

देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे या व्यवसायाचे केंद्र आहे. हंगामात तेथे कंपन्यांची कार्यालये उघडतात आणि चांगल्या कलावंतांच्या तारखा भराभर भरतात. त्यामुळे सर्व परवानग्या हातात येईपर्यंत थांबणे व्यवहारात शक्य नसते. यावरचा मार्ग असा की पहिल्या भेटीत दोन्ही तारखा सांगून तोंडी चौकशी करावी, जागेचे संमतीपत्र हातात आले की इसार द्यावा आणि त्याच आठवड्यात परवानगीचे अर्ज दाखल करावेत. संमतीपत्रापूर्वी इसार देऊ नये.

करार साध्या कागदावर असला तरी त्यात या बाबी स्पष्ट लिहाव्यात: नाटकाचे नाव, प्रमुख कलावंतांची नावे, तारीख व वार, पडदा उघडण्याची वेळ, प्रयोगाचा कालावधी, एकूण रक्कम, इसार, उरलेली रक्कम केव्हा द्यायची, रंगमंच, ध्वनी व प्रकाशयोजना कोणाची, वाहतूक कोणाची. जाहीर केलेला कलावंत आलाच नाही तर रक्कम किती कमी होईल, हे आधी ठरवले नाही तर रात्री पडद्यामागे भांडण होते आणि प्रेक्षक खोळंबतात. परवानगी नाकारली गेली किंवा अवकाळी पाऊस आला, तर इसाराचे काय आणि पर्यायी तारीख मिळेल का, हे वाक्य तर वगळूच नये. नोव्हेंबरात पावसाची एखादी सर येऊन गेल्याचे झाडीपट्टीला नवे नाही.

नाटकाच्या संहितेला महाराष्ट्र राज्य रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. त्याची प्रत कंपनीकडून करारासोबतच मागून घ्यावी, कारण पुढे अर्जाला ती जोडावी लागू शकते. प्रमाणपत्रावरील नाव आणि पत्रकावरील नाव एकच असल्याची खात्री करावी. लक्ष वेधण्यासाठी नाटकाचे नाव बदलून छापण्याची सवय काही ठिकाणी आहे आणि ती सोडली पाहिजे.

नाटक किती प्रवेशांचे आहे आणि त्यात नृत्ये किती, हेही विचारावे. कुटुंबासह बसून पाहता येईल असा प्रयोग हवा असल्यास ते करारापूर्वी बोलावे. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरील कामासाठी. त्यामुळे कंपनीकडून कसदार नाटकाची अपेक्षा ठेवताना मंडळाने संकोच करण्याचे कारण नाही.

*तपासा:* कराराच्या दोन प्रती, दोन्हींवर दोन्ही पक्षांच्या सह्या, इसाराची पावती आणि प्रमाणपत्राची प्रत एका फाइलमध्ये लावलेली असावी.

६. परवानग्या: अर्जात खरी वेळ लिहा

अर्जांचा क्रम असा ठेवावा. प्रथम ग्रामपंचायतीचे ना हरकत प्रमाणपत्र, त्यानंतर पोलीस ठाण्यात कार्यक्रम व ध्वनिक्षेपकासाठी अर्ज, आणि तिकीट लावणार असल्यास तहसील कार्यालयात प्रयोगाच्या परवान्याची चौकशी व अर्ज. दुर्गम भागात जवळच्या पोलीस मदत केंद्रालाही वेगळी लेखी सूचना द्यावी. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. किमान तीन आठवडे आधी अर्ज दिला तर त्रुटी निघाल्यास ती दुरुस्त करायला वेळ राहतो.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार उघड्या जागेवर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी ही मुभा रात्री १२ पर्यंत वाढवू शकते, आणि ते दिवस जिल्हा प्रशासन जाहीर करते. पहाटेपर्यंत नाटक चालवण्याची आपली रीत आणि हा नियम यांचा मेळ बसत नाही, ही वस्तुस्थिती मंडळांनी डोळे उघडे ठेवून स्वीकारली पाहिजे. अर्जात «सायंकाळी» असा मोघम शब्द घालून प्रत्यक्षात पहाटेपर्यंत कर्णे वाजवायचे, हा मार्ग मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना गुन्ह्यापर्यंत नेतो आणि दंड कंपनीला होत नाही, गावाला होतो.

त्यापेक्षा तीन गोष्टी कराव्यात. जिल्ह्यात मुभेचे दिवस कोणते आहेत हे तहसील कार्यालयात विचारून शक्य असल्यास तारीख त्या दिवसांत बसवावी. पडदा अंधार पडताच, म्हणजे सातच्या सुमारास उघडेल असे कंपनीशी ठरवावे आणि लांबलेले प्रवेश आवरते घ्यायला सांगावे. आणि परवान्यात जी वेळ व ज्या अटी लिहून येतील, त्या कंपनीच्या ध्वनिव्यवस्थापकाला वाचून दाखवून त्याची सही घ्यावी.

शंकरपट त्याच दिवशी असेल तर त्याची परवानगी पूर्णपणे वेगळी आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने घातलेली बंदी उठून शर्यतींना मार्ग मोकळा झाला आणि १८ मे २०२३ च्या निकालाने राज्याचा कायदाही वैध ठरला, म्हणून आता विचारणा करण्याची गरज नाही, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि बैलांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या अटी आजही पूर्णपणे लागू आहेत. नाटकाच्या अर्जात शंकरपट एका ओळीत घालून चालत नाही.

७. जाहिरात: सर्वांत शेवटी, पण सर्वांत काळजीपूर्वक

पत्रक छापण्यापूर्वी जागेचे संमतीपत्र, करार आणि अर्जांच्या पोचा समोर ठेवाव्यात आणि त्यातूनच मजकूर उतरवावा. आठवणीतून लिहिलेल्या पत्रकात चुका हमखास राहतात.

मध्यरात्रीचा घोळ सर्वांत जास्त माणसांना फसवतो. «दि. १५ ला रात्री १२ वाजता» असे छापले की निम्मे लोक १४ च्या रात्री येतात आणि निम्मे १५ च्या. म्हणून «शनिवारी सायंकाळी ७ वाजता» असे वारासह लिहावे. तिथी, वार आणि तारीख तिन्ही छापाव्यात आणि त्या एकमेकांशी जुळतात का, हे त्याच वर्षाच्या दिनदर्शिकेत पाहावे. मागच्या वर्षीच्या पत्रकावर फक्त तारीख बदलली की वार तसाच राहून जातो.

दुसरा घोळ गावाच्या नावाचा. एकाच नावाची अनेक गावे आपल्याकडे आहेत, म्हणून तालुका आणि जिल्हा लिहिणे बंधनकारक समजावे. गोंदिया जिल्ह्यातच अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी असे दोन तालुके आहेत. नुसते «अर्जुनी» लिहिले तर पाहुणा कुठल्या कुठे पोचेल. वडसा आणि देसाईगंज हे एकच शहर आहे हेही बाहेरच्याला ठाऊक असतेच असे नाही. रेल्वेने येणाऱ्यांसाठी स्थानकाचे नाव वडसा असे द्यावे. गावाजवळचा ओळखीचा फाटा आणि तेथून अंतर हे दोन शब्दांत लिहावे.

पत्रकाचा अर्धा भाग उद्घाटक, सहउद्घाटक, दीपप्रज्वलक आणि प्रमुख अतिथी यांच्या नावांनी भरून जातो आणि तिकिटाचा दर कोपऱ्यात सापडत नाही. वाचणाऱ्याला नाटकाचे नाव, कलावंत, दिवस, वेळ, जागा, दर आणि तिकीट कोठे मिळेल, एवढेच हवे असते. ते मोठ्या अक्षरात वर घ्यावे आणि पाहुण्यांची नावे खाली, थोडीच छापावीत. उद्घाटनाला जास्तीत जास्त वीस मिनिटे द्यावीत आणि तेवढीच वेळ पाहुण्यांना आधी कळवावी. ध्वनिक्षेपकाची वेळ ठरलेली असताना भाषणात गेलेला प्रत्येक क्षण नाटकातून वजा होतो आणि तिकीट काढून आलेल्या माणसाचा तो हक्क असतो.

पत्रकाचा मसुदा मंडळाबाहेरच्या एका माणसाला वाचायला द्यावा आणि त्याला «कधी, कुठे, कितीला» असे विचारावे. त्याला तिन्ही उत्तरे पटकन देता आली तरच छपाईला टाकावे. समाजमाध्यमांवर टाकायच्या चित्रावर वर्ष छापणे विसरू नये, कारण जुनी चित्रे पुढच्या हंगामात पुन्हा फिरू लागतात. तारीख बदलल्यास जुन्या चित्रावर ठळक अक्षरांत «रद्द» लिहून तेच पुन्हा पाठवावे, नवी तारीख वेगळी पाठवावी, आणि गावात व शेजारच्या गावांत दवंडी द्यावी. सगळ्यांकडे मोबाइल असला तरी सगळे जण संदेश वाचतात, असे धरून चालू नये.

८. गावच्या कलावंतांना दिवसाची वेळ द्या

तिकिटाच्या नाटकामागे धावताना दंडार आणि खडी गंमत या लोककला, भजनी मंडळ आणि आदिवासी पाड्यांवरील रेला नृत्याचे पथक मागे पडते. त्यांना «दुपारी जमले तर या» असे सांगणे हा अपमान आहे. मंडईच्या दुकानांत गर्दी असते ती दुपारी तीन ते सहा. शिंगाडे, ऊस आणि खेळण्यांच्या दुकानांजवळच सावलीत जागा आखून हीच वेळ त्यांना द्यावी, पत्रकात शाहिराचे व पथकाचे नाव छापावे आणि मानधन त्याच दिवशी पाकिटात द्यावे.

सोबत मंडळाच्या शिक्क्याचे, तारखेसह एक पत्र द्यावे. ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांच्या शासकीय मानधन योजनेसाठी अर्ज करताना कलेतील कामाचे पुरावे जोडावे लागतात, आणि आयुष्यभर गाणाऱ्या कितीतरी शाहिरांकडे त्यांच्या कार्यक्रमांचा एकही कागद नसतो. गावाने दिलेले हे पत्र त्यांच्या खरोखर कामी येते.

९. वीज, आग आणि परतीची वाट

महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीसाठी वेळेत अर्ज करावा. आकडा टाकून वीज घेणे हा गुन्हा तर आहेच, पण ओल्या जमिनीवर तो जीवघेणाही ठरतो. जनरेटर प्रेक्षकांपासून दूर ठेवावा आणि त्याचे इंधन त्याच्याजवळ साठवू नये.

तणसाचे ढीग मंडपापासून हलवता येत नसतील तर जागा बदलावी. थंडीत कडेला शेकोट्या पेटतात, त्यांसाठी मंडपाकडून वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला एक जागा आखून तेथे माणूस बसवावा. पाण्याची भरलेली पिंपे, वाळूच्या बादल्या आणि फवारणीचे भरलेले पंप हाताशी ठेवावेत. बाहेर पडायला किमान दोन मोकळ्या वाटा असाव्यात आणि त्यांत खुर्च्या लावू देऊ नयेत.

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी या पट्ट्यात आणि नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपास रात्रीची वाट हा स्वतंत्र विषय आहे. वाघ-बिबट्यांचा वावर आहेच, आणि २०२१ पासून गडचिरोलीत शिरलेल्या रानटी हत्तींचा कळपही धानाच्या दिवसांत गावांजवळ येतो. वनरक्षकाला कार्यक्रमाची तारीख आधी कळवावी आणि त्या आठवड्यात हालचाल कोणत्या बाजूला आहे ते विचारावे. पाड्यांवरून येणाऱ्यांसाठी ट्रॅक्टर किंवा गाडीची सोय करून ती वेळ नाटक संपल्यावर लगेच ठेवावी. गाडी चुकलेल्यांना सकाळपर्यंत शाळेच्या वर्गखोलीत किंवा समाजमंदिरात थांबता येईल, हे ध्वनिक्षेपकावरून दोनदा सांगावे. वनविभागाचा १९२६, रुग्णवाहिकेचा १०८ आणि पोलिसांचा ११२ हे क्रमांक प्रवेशद्वारावर मोठ्या अक्षरात लावावेत.

१०. प्रयोगाची रात्र

कंपनीचा ट्रक दुपारपूर्वी पोचला पाहिजे. तो उशिरा आला तर ध्वनिचाचणी होत नाही आणि पहिला अंक कर्णकर्कश आवाजात वाया जातो. रंगपट झाकलेला आणि कुलूप लावता येणारा असावा, महिला कलावंतांसाठी स्वतंत्र खोली व स्वच्छतागृह असावे, आणि तिकडे मंडळाच्या ठरलेल्या दोन सदस्यांखेरीज कोणालाही, पाहुण्यांनाही, जाऊ देऊ नये. कलावंतांसोबत छायाचित्र काढायचे असल्यास ते प्रयोगानंतर, त्यांच्या संमतीने आणि रंगमंचावरच काढावे. नृत्याच्या वेळी पैसे उधळणे किंवा रंगमंचाजवळ जाणे चालणार नाही, हे पडदा उघडण्यापूर्वी जाहीर करावे आणि पहिल्याच प्रसंगी अमलात आणावे. पहिल्या वेळी दुर्लक्ष केले की दुसऱ्या वेळी कोणी ऐकत नाही.

कलावंतांना जेवण प्रयोगापूर्वी हलके आणि नंतर पोटभर द्यावे. बऱ्याच कलावंतांचा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात प्रयोग असतो आणि ते जागरणातच निघतात. चालकाला झोपण्यासाठी आधीपासून वेगळी जागा द्यावी, आणि त्याची झोप झाली नसेल तर गाडी सकाळीच सोडावी.

तिकिटे क्रमांकाने विकावीत, बैठकीच्या क्षमतेएवढीच छापावीत आणि ती संपल्यावर खिडकी बंद करावी.

११. दुसरा दिवस

सकाळी आठपर्यंत जागेची सफाई सुरू व्हावी. प्लास्टिक आणि उरलेले अन्न आधी उचलावे, कारण जनावरे चरायला सुटतात. फोडलेला धुरा त्याच दिवशी बांधून शेतमालकाची «जागा परत मिळाली» अशी सही घ्यावी. वीजजोडणी बंद करून घेतल्याची नोंद महावितरणकडून घ्यावी.

हिशेब आठ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीसमोर जाहीरपणे वाचावा आणि फलकावर लावावा. त्यात विकलेल्या तिकिटांचे पहिले व शेवटचे क्रमांक, वर्गणी, कंपनीला दिलेली रक्कम, कलावंतांचे मानधन आणि शिल्लक किंवा तूट हे सगळे असावे. तारखांचा कागद, करार, परवाने, पत्रकाची एक प्रत आणि हा हिशेब एकाच फाइलमध्ये लावून ती ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवावी आणि पुढच्या मंडळाच्या सचिवाला सही घेऊन सोपवावी.